सिनेमाचा आवाज किती किलोबिटांत मावतो?

३५ मिलिमीटरच्या सिनेमाच्या रिळाला दोन्ही कडांना भोकं असतात. प्रोजेक्टरचे दाते त्यांत अडकतात आणि रीळ पुढे सरकतं. एका फ्रेममागे एका कडेला चार भोकं आणि सेकंदाला चोवीस फ्रेम, म्हणजे दर सेकंदाला शहाण्णव भोकं आणि त्यांच्या मधल्या शहाण्णव रिकाम्या जागा. १९९२ साली ‘बॅटमॅन रिटर्न्स’ प्रदर्शित झाला, तेव्हा डॉल्बी कंपनीने या रिकाम्या जागांत आवाज भरला होता. नखाहून लहान जागेत काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन आणि त्याच्या मधोमध कंपनीचं चिन्ह. प्रोजेक्टरवरचं यंत्र ते ठिपके वाचायचं आणि त्यातून सहा चॅनलांचा आवाज थिएटरभर पसरायचा. भोकांमधल्या तेवढ्याशा जागेत सेकंदाला ३२० किलोबिट बसवले होते, आणि डॉल्बी डिजिटल नावाच्या या पद्धतीचा थिएटरमधला बिटरेट, म्हणजे सेकंदाला खर्च होणारे बिट, तोच राहिला.

पुढच्या वर्षी ‘जुरासिक पार्क’बरोबर डीटीएस आलं. त्यांनी भोकांच्या वाटेला जायचंच टाळलं. रिळावर फक्त वेळेच्या खुणांची एक बारीक रेघ ठेवली आणि आवाज वेगळ्या सीडीवर दिला. सीडीवर जागा भरपूर, त्यामुळे आवाज फार दाबावा, म्हणजे कमी बिटांत बसवावा लागला नाही.

घरच्या वापरातले प्रसिद्ध आकडेही असेच जागेच्या अडचणीतून आलेले आहेत. १९९३ साली व्हिडिओ सीडीचं मानक ठरलं. साध्या सीडी-ड्राइव्हच्या वेगात चित्र आणि आवाज दोन्ही बसवायचे होते. चित्राला ११५० किलोबिट दिल्यावर आवाजाच्या वाट्याला २२४ आले. मध्येच उठून डिस्क बदलत ज्यांनी व्हीसीडीवर मराठी नाटकं पाहिली, त्यांनी नटांचे संवाद या २२४ मध्येच ऐकले आहेत. डीव्हीडीवर डॉल्बी डिजिटलला ४४८ पर्यंत जाता आलं, ब्लू-रेवर ६४० पर्यंत. आणि सिनेमाच्या फाइलींतला १२८? २००० च्या आसपास अख्खा सिनेमा ७०० मेगाबाइटच्या एका सीडीवर बसवायची चढाओढ लागली होती. अडीच तासांच्या सिनेमाला त्या हिशेबात चित्र आणि आवाज मिळून सेकंदाला जेमतेम साडेसहाशे किलोबिट येतात. त्यातले १२८ आवाजाला दिले की पाचवा हिस्सा गेला. त्याहून जास्त द्यायला कोणाचा हात धजावत नसे.

यातला एकही आकडा कानाने ठरवलेला नाही. तरी अजूनही लोक बिटरेटकडे दर्जाची पट्टी म्हणून बघतात. ‘आवाज १९२ चा आहे’ असं कोणी सांगितलं, तर तो चांगला की वाईट हे त्यावरून कळत नाही. कोणत्या फॉरमॅटचे १९२, कोणत्या एन्कोडरने, म्हणजे आवाज दाबणाऱ्या प्रोग्रामने केलेले, दोन चॅनलांसाठी की सहा, आणि एन्कोडरला मुळात खायला काय घातलं होतं, हे आधी विचारायला हवं.

थोडा हिशेब करू. सिनेमाचा डिजिटल आवाज सेकंदाला ४८,००० नमुन्यांचा असतो. एक नमुना १६ बिटांचा धरला आणि चॅनल सहा, तर सेकंदाला ४,६०८ किलोबिट होतात. स्टुडिओत २४ बिट वापरतात, तेव्हा ६,९१२. ‘सैराट’सारखा तीन तासांच्या जवळ जाणारा सिनेमा घेतला, तर १६ बिटांचा नुसता आवाजच सहा जीबीच्या घरात जातो. एका थराच्या डीव्हीडीची क्षमता ४.७ जीबी. म्हणजे चित्र सोडाच, आवाजही मावला नसता. तोच आवाज ४४८ मध्ये दाबला की सहाशे मेगाबाइट होतो, जवळपास दहावा हिस्सा. डोक्यात ठेवायला एक सोपा गुणाकार आहे. किलोबिटांच्या आकड्याला ०.४५ ने गुणलं की एका तासाचे मेगाबाइट मिळतात. १२८ म्हणजे तासाला ५८ मेगाबाइट, १९२ म्हणजे ८६, ६४० म्हणजे २८८.

आता हा गुणाकार आजच्या फाइलला लावून पाहा. पूर्ण एचडी चित्राला सेकंदाला पाच मेगाबिट दिले, तर एका तासाचं चित्र सव्वादोन जीबीचं होतं. आवाज १९२ वरून १२८ वर आणून तुम्ही वाचवता तासाला २९ मेगाबाइट, म्हणजे शेकडा एकाच्या आसपास. सीडीच्या काळात आवाजाची काटकसर सक्तीची होती. आज ती बहुतेक वेळा निव्वळ सवय आहे.

दहापैकी नऊ भाग फेकून देऊनही आवाज तसाच कसा वाटतो, याचं उत्तर कानात आहे. माणसाला साधारण २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, वय वाढेल तशी वरची हद्द खाली सरकते. दोन ते पाच किलोहर्ट्झच्या पट्ट्यात कान सगळ्यात तिखट असतो. शिवाय मोठा आवाज जवळपासच्या लहान आवाजाला झाकतो. हे झाकणं एकाच क्षणापुरतं नसतं. मोठा आवाज थांबल्यावरही शंभर-दोनशे मिलिसेकंद कानाला बारीक आवाज कळत नाही. गंमत म्हणजे मोठा आवाज सुरू होण्याच्या आधीचे काही मिलिसेकंदही असेच झाकले जातात. जे ऐकूच येणार नाही त्यावर बिट खर्चायचे नाहीत, यावर सगळे एन्कोडर चालतात. आवाजाचे छोटे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या कंपनसंख्यांत फोडायचा, कुठल्या पट्ट्यात किती ढोबळपणा कानाला खपेल ते मोजायचं आणि तिथे तेवढाच ढोबळ आकडा लिहायचा. ढोबळपणामुळे जो गोंगाट तयार होतो, तो मोठ्या आवाजाच्या आड लपला की काम झालं.

आड लपायला काही नसेल, तर मात्र अडचण. जर्मनीत फ्राउनहोफर संस्थेसाठी एमपी३ वर काम करणाऱ्या कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग यांनी सुझान व्हेगा हिचं ‘टॉम्स डायनर’ हे गाणं चाचणीला घेतलं होतं. त्यात एकट्या बाईचा आवाज, साथीला एकही वाद्य नाही. सुरुवातीच्या एन्कोडरने त्या आवाजाची पार वाट लावली, आणि ते गाणं सुधारेपर्यंत एन्कोडरची डागडुजी चालू राहिली. सिनेमात असा उघडा आवाज पावलोपावली असतो. रात्रीची खोली, दोन माणसं, हळू बोलणं. कमी बिटरेटचे दोष बाँबस्फोटात शोधून सापडत नाहीत, ते अशा कुजबुजीत सापडतात. ‘स’, ‘श’ आणि ‘च’ फसफसायला लागले की समजावं.

दुसरी कसोटी आपल्या वाद्यांनीच घेता येते. ‘नटरंग’मधल्या लावण्यांची ढोलकी आणि ‘कट्यार काळजात घुसली’मधला तानपुरा, ही दोन टोकं एन्कोडरकडून अगदी उलट गोष्टी मागतात. तानपुऱ्याचा स्वर लांब, स्थिर आणि अनेक बारीक सुरांनी भरलेला असतो. ते सूर वेगळे ओळखायचे, तर आवाजाचा लांब तुकडा एकदम तपासावा लागतो. एएसी फॉरमॅट एरवी २,०४८ नमुन्यांचा म्हणजे ४३ मिलिसेकंदांचा तुकडा घेतो, त्यामुळे २३ हर्ट्झच्या फरकाचे सूरही त्याच्या जाळ्यात वेगळे राहतात. डॉल्बी डिजिटलचा तुकडा ५१२ नमुन्यांचा, त्याचं जाळं ९४ हर्ट्झचं. तानपुऱ्यासाठी त्याला जास्त बिट लागतात, ते यामुळे.

ढोलकीचं उलट. शांततेत एकदम थाप पडते. ४३ मिलिसेकंदांच्या तुकड्यात ती थाप मध्यभागी असेल, तर ढोबळपणाचा गोंगाट संपूर्ण तुकड्यात सारखा पसरतो, थापेच्या आधीच्या शांततेतही. थापेनंतरचा गोंगाट कानाला कळत नाही. आधीचा कळतो, कारण त्या बाजूला कानाची सूट काही मिलिसेकंदांचीच. मग प्रत्येक थापेच्या आधी एक बारीक ‘फस्’ येते आणि थापेची धार बोथट होते. याला पूर्वप्रतिध्वनी म्हणतात. उपाय असा, की थाप येतेय हे एन्कोडरने आधी ओळखायचं आणि तेवढ्यापुरते तुकडे आठपट लहान करायचे. पण त्याच क्षणी मागे तानपुरा चालू असेल, तर लहान तुकड्यांत तानपुरा विस्कटतो. तबला आणि तानपुरा एकत्र वाजणारी कुठलीही मैफल म्हणूनच एन्कोडरची खरी परीक्षा घेते. यातून बाहेर पडायचा सरळ मार्ग म्हणजे तेवढ्या क्षणापुरते बिट जास्त ओतणं.

तिसरा जाच पावसाचा. ‘किल्ला’मधला कोकणातला पाऊस किंवा ‘तुंबाड’मधला न थांबणारा पाऊस ऐका. लक्षावधी थेंब, प्रत्येकाची वेगळी टिचकी, आणि कुठेच एक सूर नाही. अंदाज बांधायला काही नसल्याने एन्कोडर थकतो. बिट कमी पडले की पाऊस पावसासारखा राहत नाही, धातूच्या पत्र्यावर काहीतरी फिरतंय असा खळखळाट येतो. टाळ्यांचंही तसंच. नाटकाच्या जुन्या टेपवरची सततची खरखरही त्याच जातीची. ती नको असली तरी एन्कोडर तिच्यावर इमानदारीने बिट खर्च करत बसतो.

इथे एन्कोडर आणि फॉरमॅट यांतला फरक महत्त्वाचा ठरतो. एमपी३, एएसी, डॉल्बी डिजिटल यांची मानकं बंधन घालतात ते फाइल कशी मांडायची आणि उघडताना त्यातून आवाज कसा काढायचा, एवढ्याचं. आवाज दाबताना निर्णय कसे घ्यायचे हे बनवणाऱ्यावर सोडलेलं आहे. त्यामुळे दोन एन्कोडर एकाच फॉरमॅटची, एकाच बिटरेटची, पूर्णपणे वैध फाइल बनवतात आणि एकीतली ढोलकी खणखणीत असते, दुसरीतली ओली. एमपी३ मध्ये हे काम लेम या एन्कोडरने करून दाखवलं. १९९८ पासून हौशी प्रोग्रामर त्याची घासाघीस करत आले, आणि फॉरमॅट तोच असूनही त्याचा आवाज वर्षागणिक सुधारत गेला.

एएसीमध्ये निवड करायची झाली, तर माझा कौल ॲपलच्या एन्कोडरला. मॅकवर तो आयताच असतो, हँडब्रेक हा लोकप्रिय प्रोग्राम तिथे तोच वापरू देतो. त्याखालोखाल फ्राउनहोफरचा एफडीके. अँड्रॉइडबरोबर तो खुला झाला, पण त्याच्या परवान्याच्या अटी आडव्या येत असल्याने एफएफएमपेग या फुकट प्रोग्रामच्या तयार प्रतींत तो सहसा मिळत नाही. एफएफएमपेगचा स्वतःचा एएसी एन्कोडर बरीच वर्षं कच्चा समजला जायचा. २०१६ पासून तो वापरण्याजोगा झाला आहे. फक्त त्याला थोडं मोकळ्या हाताने द्यावं. ॲपलचा एन्कोडर दोन चॅनलांना १२८ मध्ये जे करतो, त्यासाठी याला मी १९२ देतो. तासाला २९ मेगाबाइटचा प्रश्न, त्यासाठी एन्कोडर शोधत रात्र घालवू नये.

एएसीचं एक ‘एचई’ नावाचं भावंड आहे. ते वरचा अर्धा पट्टा साठवतच नाही, खालच्या पट्ट्यावरून तो नव्याने घडवतं आणि सोबत थोड्या सूचना ठेवतं. रेडिओच्या प्रसारणाला, ४८ किंवा ६४ किलोबिटांना, ही युक्ती फार कामाची. १२८ ला मात्र तिचं काही काम नाही. जागा असताना खरा वरचा पट्टा टाकून बनावट कशाला बसवायचा?

आणि ओपस. २०१२ साली हे मानक ठरलं, परवाना-शुल्काची भानगड नाही आणि ते मूळचंच ४८ किलोहर्ट्झचं, म्हणजे सिनेमाला सोयीचं. बिट कमी पडले तरी प्रत्येक पट्ट्यातली एकूण ताकद ते जपतं, त्यामुळे आवाजात भगदाडं पडत नाहीत. २०१४ च्या एका खुल्या श्रवणचाचणीत ९६ किलोबिटांना ओपस पहिलं आलं, ॲपलचं एएसी दुसरं. त्याच चाचणीत लेमच्या एमपी३ ला १२८ च्या आसपास देऊनही तो मागे राहिला. दोन चॅनलांना १२८ आणि सहा चॅनलांना २५६ दिले, की ओपसमध्ये खोट काढणं फार अवघड जातं. एकट्या आवाजाच्या मोनो रेकॉर्डिंगला, म्हणजे व्याख्यान किंवा जुन्या नाटकाच्या टेपला, ६४ पुष्कळ झाले. ओपसची अडचण वेगळीच आहे, घरातला टीव्ही. एमकेव्ही फाइलमधलं ओपस संगणकावर आणि अँड्रॉइडवर सहज वाजतं, पण टीव्हीच्या मागच्या यूएसबीत पेन ड्राइव्ह घातल्यावर चित्र दिसतं आणि आवाज मुका राहतो, असं बऱ्याच टीव्हींवर होतं.

सहा चॅनलांचं गणितही वाटतं तसं नाही. दोन चॅनलांना १२८, तर सहांना तिप्पट, असा हिशेब लोक करतात. सिनेमात संवाद बहुतेक सगळे मधल्या चॅनलमधून येतात, मागचे दोन चॅनल बराच वेळ जवळपास रिकामे असतात, आणि सहावा तर फक्त १२० हर्ट्झखालचा घुमारा. चांगला एन्कोडर सगळ्यांच्या बिटांची एकच थैली करतो आणि ज्या चॅनलला गरज आहे तिकडे वळवतो. त्यामुळे दुपटीत भागतं.

बिटांची हीच फिरवाफिरव वेळेच्या बाबतीतही करता आली पाहिजे. डॉल्बी डिजिटलचा बिटरेट ठरलेला असतो. ४४८ म्हणजे दर ३२ मिलिसेकंदांना १,७९२ बाइट, पडद्यावर काहीही चालू असो. मेसचा डबा जसा भूक असो वा नसो तेवढाच येतो, तसं. ‘सैराट’चा शेवट आठवा. ते लहान मूल घराबाहेर येतं आणि आवाज पूर्ण बंद असतो. त्या सुन्न शांततेच्या एका मिनिटालाही डॉल्बी डिजिटल ३.३६ मेगाबाइट खर्च करतं. आणि ‘झिंगाट’मध्ये ढोल-ताशे, गर्दी, आरोळ्या सगळं एकदम अंगावर येतं, तेव्हाही त्याच्याकडे तेवढेच बाइट. बदलत्या बिटरेटचा एन्कोडर शांततेत जवळजवळ काही घेत नाही आणि तो साठा गाण्यात लावतो. म्हणून ओपस, एएसी, एमपी३ यांत पर्याय असेल तिथे ठरावीक बिटरेट न मागता दर्जा मागावा. लेममध्ये त्यासाठी व्ही० ते व्ही९ अशा पायऱ्या आहेत. व्ही२ ला सरासरी १९० च्या आसपास जाते, आणि एमपी३ साठी ती पुरे.

सहाचे दोन चॅनल करताना जे बिघडतं, त्याचं खापर बहुतेक वेळा एन्कोडरवर फुटतं. लॅपटॉपवर सिनेमा लावला, संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवला, आणि पुढच्या मिनिटाला मारामारीने शेजारी जागे झाले. बिटरेट वाढवून हे सुधारत नाही. डावा, मधला आणि मागचा डावा एकत्र करताना मधल्याला आणि मागच्याला ०.७०७ ने गुणतात. तिन्ही मिळून आवाज फाटू नये म्हणून एफएफएमपेग मग सगळंच खाली आणतं, साडेसात डेसिबलहूनही थोडं जास्त. संवाद मधल्या चॅनलवर असल्याने तेही त्याच मापाने दबतात. दोन चॅनलांची फाइल लॅपटॉपसाठीच करायची असेल, तर मधल्या चॅनलला थोडं झुकतं माप द्यावं आणि मोठ्या-लहान आवाजातलं अंतर थोडं आवळावं. शेजाऱ्यांचीही सोय होते.

मोठा आवाज माणसाला फसवतोही. डीव्हीडीच्या काळात डीटीएस डॉल्बीपेक्षा ‘भारी’ अशी ठाम समजूत होती. डीटीएसला १,५०९ किंवा ७५४ किलोबिट मिळायचे, त्यामुळे आकड्याने ती समजूत आणखी पक्की केली. पण डॉल्बी डिजिटलमध्ये संवादांची पातळी सांगणारी एक नोंद असते, आणि तिच्याप्रमाणे प्लेअर आवाज खाली आणतो, बऱ्याच डिस्कवर चार डेसिबलने. रिमोटने डीटीएसवर उडी मारली की आवाज एकदम मोठा व्हायचा आणि मोठा म्हणून चांगला वाटायचा. त्या काळच्या कितीतरी वादांचा निकाल नुसती पातळी सारखी करून लागला असता.

व्यावसायिक लोकसुद्धा शेवटी कानावरच येतात. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’चा दुसरा हंगाम प्रसारणाआधी घरगुती टीव्हीवर तपासला जात होता. पहिल्याच भागात सुरुवातीला गाड्यांचा पाठलाग आहे. तिथला आवाज मिक्सिंगच्या वेळी होता तसा कुरकुरीत लागत नाही, हे दिग्दर्शक डफर बंधूंसमोरच जाणवलं. नेटफ्लिक्सच्या अभियंत्यांनी बिटरेट वाढवून दिला आणि ते बोथटपण गेलं. २०१९ मध्ये त्यांनी ही सुधारणा प्रेक्षकांपर्यंत आणली. नेटच्या वेगानुसार सहा चॅनलांना १९२ पासून ६४० पर्यंत आणि डॉल्बीच्या अ‍ॅटमॉस या चहूबाजूंच्या आवाजाला ४४८ पासून ७६८ पर्यंत. त्यांच्या वापरातल्या डॉल्बी डिजिटल प्लस या सुधारित फॉरमॅटच्या ६४० नंतर मूळ मिक्स आणि हे यांत फरक कळत नाही, असं त्यांच्या चाचण्यांवरून ठरलं होतं.

घरी ही चाचणी करायला फार सामान लागत नाही. सिनेमातला अर्ध्या मिनिटाचा सगळ्यात त्रासदायक तुकडा निवडा, ढोलकी, पाऊस किंवा कुजबुज. मूळ आणि दाबलेला, दोन्हींची पातळी सारखी करा. मग फूबार२००० सारख्या प्रोग्राममध्ये कोणता कुठला हे न बघता ओळखायचा प्रयत्न करा. दहा-पंधरा वेळा करूनही निम्मेच बरोबर आले, तर तुमच्या कानाला तो बिटरेट पुरेसा आहे. मग दुसऱ्या कोणी ३२० शिवाय ऐकवत नाही असं सांगितलं तरी बिनदिक्कत दुर्लक्ष करावं. फक्त चाचणी बऱ्या हेडफोनवर करा. टीव्हीच्या पाठीला चिकटवलेले स्पीकर सगळ्याच एन्कोडरना पास करतात.

टीव्हीचा विषय निघालाच आहे तर तारेचंही बोलू. टीव्हीपासून साउंडबारला जाणाऱ्या ऑप्टिकल केबलमधून सहा चॅनल जातात ते डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसच्या रूपातच. सहा चॅनलांचं एएसी किंवा ओपस त्यातून जात नाही. टीव्हीने ते स्वतः डॉल्बीत बदलून दिलं तर ठीक, नाहीतर दोन चॅनलांवर समाधान. म्हणून होम थिएटर असलेल्या घरी जुनं डॉल्बी डिजिटल ६४० अजूनही मोडीत निघालेलं नाही. ते कमी कार्यक्षम आहे, जागा जास्त खातं, आणि जिथे लावाल तिथे वाजतं.

एक छोटी कटकट ओठांची. एएसी एन्कोडर सुरुवातीला थोडी शांतता जोडतात, ॲपलचा २,११२ नमुने. ४८ किलोहर्ट्झला ते ४४ मिलिसेकंद, म्हणजे सिनेमाच्या एका फ्रेमहून किंचित जास्त. ही शांतता वगळायची सूचना फाइलमध्ये असते, काही प्लेअर ती वाचत नाहीत. ओठ आणि शब्द यांत फरक वाटला तर प्रथम इथे पाहावं.

आता निवडीचं. सगळ्यात चांगला एन्कोडर म्हणजे न वापरलेला एन्कोडर. डीव्हीडीवरचा डॉल्बी आवाज आधीच एकदा दाबलेला आहे. तो उघडून पुन्हा एएसीत दाबला, तर पहिल्या एन्कोडरने टाकलेलं परत येत नाही, दुसऱ्याचे दोष वर चढतात. ४४८ च्या डॉल्बीतून ५१२ चं एएसी बनवणारेही भेटतात. आकडा मोठा झाला, आवाज मात्र मुळापेक्षा खालीच गेला. तेव्हा मूळ ट्रॅक तसाच उचलून नव्या फाइलमध्ये ठेवा. बहुतेक प्रोग्राममध्ये त्यासाठी ‘कॉपी’ किंवा ‘पासथ्रू’ असतं. व्हीसीडीवरच्या नाटकाचंही तेच, ते २२४ तासाला शंभर मेगाबाइटच घेतात, त्यांना हात लावू नका. ब्लू-रेवरच्या डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओच्या पोटात १,५०९ पर्यंतचा साधा डीटीएस गाभा असतो, तो न दाबता वेगळा काढता येतो. डॉल्बीच्या ट्रूएचडीच्या जोडीला डिस्कवर साधा डॉल्बीही असतोच.

दाबायचंच असेल तर मी असं करतो. टीव्ही आणि साउंडबारसाठी सहा चॅनलांचा डॉल्बी डिजिटल, ६४०. सोबत त्याच फाइलमध्ये दोन चॅनलांचा एएसी, ॲपलचा १२८ किंवा एफएफएमपेगचा १९२, संवाद थोडे वर आणून, मोबाइल आणि लॅपटॉपसाठी. दोन्ही मिळून तासाला पावणेचारशे मेगाबाइटच्या आत राहतात. फाइल फक्त संगणकावर बघायची असेल, तर दोन्हींऐवजी एकच ओपस, २५६. संगीतप्रधान सिनेमा असेल आणि मूळ ट्रॅक न दाबलेला मिळत असेल, तर फ्लॅक. त्यात काहीच टाकलं जात नाही, फाइल मोठी होते एवढंच.

आणि विकत घेतलेल्या डिस्क रद्दीवाल्याला देऊ नका. पुढे कधी दुसऱ्या फॉरमॅटमध्ये फाइल करावी लागली, तर आज दाबलेल्या फाइलवरून करू नका, डिस्कवरूनच करा.